मराठी ब्लॉग आणि जाहिरातींचे उत्पन्न : पहिल्या लेखापासून बँकेत पैसे जमा होईपर्यंत

ब्लॉग कसा सुरू करावा हे सांगणारे बहुतेक लेख डोमेनच्या, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्याच्या, खरेदीपासून सुरू होतात आणि पैशाचा विषय अगदी शेवटी काढतात. मला हा क्रम पटत नाही. जाहिरातीचा पैसा नेमका कशाबद्दल मिळतो हे आधी समजले, तर विषय कोणता घ्यावा, लेख किती खोलात जाऊन लिहावा, खर्च कुठे करावा आणि घाई कुठे टाळावी, हे बरेचसे प्रश्न त्यातच सुटतात. म्हणून येथे सुरुवात हिशेबापासून केली आहे.

हिशेब

ब्लॉगवर दिसणारी जाहिरात आपण स्वतः शोधून आणायची नसते. गूगलची अ‍ॅडसेन्स ही सेवा २००३ पासून हे काम करते. वाचकाने पान उघडले की त्या पानावरील मोकळ्या जागेसाठी जाहिरातदारांमध्ये क्षणार्धात लिलाव होतो आणि ज्याची बोली वरचढ ठरते त्याची जाहिरात त्या वाचकाला दिसते. बोली ठरताना पानाचा विषय काय आहे, वाचक कोणत्या भागातून व कोणत्या उपकरणावरून वाचत आहे, त्याने याआधी कशात रस दाखवला आहे, अशा गोष्टी विचारात घेतल्या जातात. पूर्वी वाचकाने जाहिरातीवर क्लिक केले तरच बहुधा पैसे मिळत; २०२४ च्या सुरुवातीपासून मात्र मोबदला जाहिरात दिसण्यावर, म्हणजे इम्प्रेशनवर, मोजला जाऊ लागला. जाहिरातदाराच्या बाजूचे शुल्क वजा झाल्यावर उरणाऱ्या रकमेपैकी ८० टक्के ब्लॉगधारकाला मिळतात. जाहिरातदाराने गूगलच्याच सेवेतून जाहिरात दिली असेल, तर त्याने मोजलेल्या १०० रुपयांपैकी साधारण ६८ रुपये आपल्या वाट्याला येतात.

ही कमाई मोजण्याचे रोजचे माप म्हणजे आरपीएम, अर्थात पाने हजार वेळा पाहिली गेली की त्यामागे मिळालेली रक्कम. समजा, हा दर अर्धा डॉलर आहे. (हा आकडा मी केवळ हिशेबासाठी गृहीत धरला आहे, प्रत्यक्षातला दर विषयानुसार आणि महिन्यानुसार बदलतो.) अ‍ॅडसेन्स खात्यात १०० डॉलर जमा झाल्याशिवाय गूगल पैसे पाठवत नाही, म्हणजे पहिली रक्कम हाती येण्यासाठी ब्लॉगची पाने दोन लाख वेळा पाहिली जायला हवीत. रोज शंभर पाने पाहिली जात असतील, तर त्याला २००० दिवस, म्हणजे जवळजवळ साडेपाच वर्षे लागतील. रोज हजार पाहिली गेली, तर सहा-साडेसहा महिने. ‘घरबसल्या महिन्याला लाखो रुपये’ अशा मथळ्यांचे व्हिडिओ पाहून ज्यांनी नोकरी सोडण्याचा विचार केला असेल, त्यांनी हा गुणाकार एकदा कागदावर मांडून पाहावा.

या गुणाकारातून दोन गोष्टी हाती लागतात. एक म्हणजे उत्पन्न हवे असेल, तर ब्लॉगवर रोज, न बोलावता, अनोळखी वाचक आले पाहिजेत. नातेवाईक आणि मित्र यांच्या भरवशावर दोन लाखांचा आकडा गाठता येत नाही. दुसरी म्हणजे सगळ्या विषयांना सारखा दर मिळत नाही. गृहकर्ज, विमा, ट्रॅक्टर, बियाणे, शिक्षण अशा विषयांच्या पानांवर जाहिरात देण्यात ज्यांचा फायदा आहे असे जाहिरातदार पुष्कळ असतात, तर चारोळ्यांच्या पानासाठी मुद्दाम बोली लावणारा जाहिरातदार क्वचितच असतो. दसरा-दिवाळीच्या आधी जाहिरातदारांचा हात सैल सुटतो आणि जानेवारीत तोच आखडतो, त्यामुळे नव्या वर्षाच्या पहिल्याच महिन्यात कमाई घसरली म्हणून घाबरून ब्लॉगची मांडणी उलटीपालटी करू नये.

विषय

२०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेल्यांची संख्या ८ कोटी ३० लाखांच्या वर आहे, आणि तरीही एखादा नेमका, व्यवहारातला प्रश्न मराठीत टाइप केला, तर समाधानकारक उत्तर देणारे पान पुष्कळदा सापडत नाही. एकाच बातमीच्या पंधरा नकला सापडतात, हिंदीतून यंत्राने भाषांतर केलेली वाक्ये सापडतात, पण ज्याने ते काम स्वतः केले आहे त्याचे लेखन सापडत नाही. मराठी ब्लॉगला खरी जागा आहे ती इथे.

उदाहरणादाखल जमिनीच्या कागदपत्रांचा विषय घेऊ, कारण महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक कुटुंबाचा कधी ना कधी त्याच्याशी संबंध येतो. ‘शेती’ हा विषय नव्या ब्लॉगसाठी फार मोठा आहे. वृत्तपत्रे, कृषी विद्यापीठे आणि मोठी संकेतस्थळे तिथे आधीपासून ठाण मांडून बसलेली आहेत. ‘जमिनीची कागदपत्रे’ हा विषय त्याहून आवाक्यातला आहे. त्यातही सातबारा कसा वाचावा, आठ-अ आणि सातबारा यांत फरक काय, वडिलांच्या निधनानंतर वारस नोंद कशी करावी, फेरफार रद्द झाला तर अपील कुठे करावे, असे प्रश्न सुटे करत गेल्यास पन्नास-साठ लेखांचा ऐवज सहज तयार होतो आणि प्रत्येक लेख एका खऱ्या प्रश्नाचे उत्तर असतो. महसूल खात्यात नोकरी केलेल्या, वकिलाकडे काम केलेल्या किंवा स्वतःच्या जमिनीसाठी तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवलेल्या माणसाकडे हे ज्ञान आयते असते. ज्याच्याकडे ते नाही त्याने हा विषय घेऊ नये. त्याने आपला घ्यावा: गच्चीवरची बाग, शिलाई यंत्राची दुरुस्ती, स्पर्धा परीक्षेचे गणित, मधुमेह्यांसाठी ज्वारी-नाचणीचे पदार्थ. निकष एवढाच, की त्या विषयावर लोक प्रश्न विचारतात का, आणि आपण त्यांची उत्तरे दुसऱ्या पानाकडे न पाहता देऊ शकतो का.

मनातले विचार, प्रवासाच्या आठवणी, ललित लेखन यांसाठी ब्लॉग जरूर लिहावा. मराठी ब्लॉगलेखन मोठ्या प्रमाणावर त्यातूनच उभे राहिले आहे. फक्त त्याच्याकडून जाहिरातीच्या उत्पन्नाची अपेक्षा धरू नये, म्हणजे दोन्हींचा मान राहतो.

जागा आणि नाव

ब्लॉगसाठी प्रामुख्याने दोन पर्याय आहेत. ब्लॉगर ही सेवा १९९९ मध्ये सुरू झाली आणि २००३ मध्ये गूगलने विकत घेतली. तिच्यावर जागा फुकट मिळते, देखभाल करावी लागत नाही आणि अ‍ॅडसेन्स जोडण्याची सोय तिच्याच ‘कमाई’ या विभागात आहे. वर्डप्रेस ही २००३ मध्येच आलेली मुक्त प्रणाली आहे. ती स्वतःच्या होस्टिंगवर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर, बसवावी लागते, दरवर्षी त्याचे भाडे भरावे लागते, प्लगइन, म्हणजे जोडून घेतलेल्या सुविधा, अद्ययावत ठेवाव्या लागतात आणि बॅकअपची जबाबदारी आपली असते, पण रचनेचे स्वातंत्र्य पुष्कळ मिळते. याच नावाची कंपनीकडून चालवली जाणारी तयार सेवाही आहे, तिच्या मोफत योजनेत आपल्या अ‍ॅडसेन्सच्या जाहिराती लावता येत नाहीत. नवखे लोक इथे हमखास फसतात. माझे मत असे, की पहिले वर्षभर ब्लॉगर पुरेसा आहे, मात्र त्याला पहिल्या दिवसापासून स्वतःचे डोमेन जोडावे. पुढे वर्डप्रेसवर जायचे ठरले, तर पत्ता तोच राहतो आणि मिळवलेले वाचक हातचे जात नाहीत.

डोमेन घेताना पहिल्या वर्षाची सवलतीची किंमत पाहून निर्णय करू नये; दुसऱ्या वर्षापासूनचा नूतनीकरणाचा दर पाहावा. ‘डॉट इन’ हे भारताचे डोमेन चांगले चालते. देवनागरीतले ‘डॉट भारत’ २०१४ पासून उपलब्ध आहे आणि ते पाहून मन सुखावते, पण पत्ता दुसऱ्याला सांगताना आणि इतर सेवांमध्ये भरताना अजून अडचणी येतात, म्हणून ते मुख्य पत्ता म्हणून घेऊ नये. नाव रोमन लिपीत असल्यामुळे मराठी शब्दाचे एकच स्पेलिंग लोकांच्या मनात येईल असे पाहावे. ‘ज्ञान’ हा शब्द मराठी माणूस डी-एन-वाय असा लिहितो आणि हिंदी भाषक जी-वाय असा. ‘जमीन’ या शब्दात एक आय की दोन ई, यावरही एकमत नाही. फोनवर एकदा सांगितल्यावर समोरच्याने न विचारता बरोबर टाइप केले, तर ते नाव चांगले समजावे.

ब्लॉगरवर डोमेन जोडताना सेटिंग्जमध्ये ते नाव भरले, की दोन सी-नेम नोंदी, म्हणजे ते नाव ब्लॉगशी जोडणाऱ्या ओळी, दाखवल्या जातात. त्या डोमेन विकणाऱ्याच्या डीएनएस पानावर जशाच्या तशा भराव्या लागतात. बदल लागू व्हायला काही तास लागू शकतात, तेवढ्यात त्या पुन्हा पुन्हा बदलत बसू नये. शेवटी एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित जोडणी, चालू करावे.

मराठी मजकुराचे तंत्र

या भागाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते आणि नुकसान सर्वांत जास्त इथेच होते, म्हणून तो सविस्तर सांगतो.

सगळा मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या अक्षरसंकेतातच, हवा. जुन्या डीटीपीच्या सवयीने श्रीलिपी, शिवाजी किंवा कृतिदेव या फॉन्टांत टंकलेला मजकूर छापील पानावर मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची गिचमिड असते. गूगलला त्यातले काहीही वाचता येत नाही. असा जुना मजकूर असेल, तर तो कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणून ओळीओळीने तपासावा, कारण जोडाक्षरे आणि रफार हटकून बिघडतात. टंकताना ‘ऱ’चे भान ठेवावे: ‘सातबाऱ्यावर’ आणि ‘सातबार्यावर’ हे संगणकासाठी दोन वेगळे शब्द आहेत, आणि दुसरा तर मराठीच नाही.

ब्लॉगच्या सेटिंग्जमध्ये भाषा ‘मराठी’ निवडावी. पुष्कळजण देवनागरी दिसते आहे म्हणून ‘हिंदी’ तशीच राहू देतात. ज्या फॉन्टांमध्ये दोन्ही भाषांची वळणे दिलेली असतात, त्यांत भाषा मराठी ठेवली की ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे उमटतात, आणि हे मराठी पान आहे हे ब्राउझरलाही कळते. फॉन्ट साधा, ठसठशीत घ्यावा; मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्ता’ मोफत आहे आणि मोबाइलच्या पडद्यावर चांगला वाचता येतो. एका ब्लॉगवर चार फॉन्ट लावले, तर खेड्यातल्या कमजोर नेटवर्कवर पान उघडण्याआधीच वाचक मागे फिरतो.

लेखाचा पत्ता, म्हणजे परमालिंक, हा मराठी ब्लॉगचा जुना घोटाळा आहे. शीर्षक देवनागरीत असले, की ब्लॉगर त्यातून पत्ता तयार करू शकत नाही आणि प्रत्येक लेखाला ‘ब्लॉग-पोस्ट’ या शब्दांमागे एखादा क्रमांक जोडून देतो. वर्डप्रेस देवनागरी पत्ता तयार करतो, पण तो कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला, की टक्क्याच्या चिन्हांची दोन-तीन ओळींची माळ होते. माझ्या पहिल्या ब्लॉगवरचे तीसेक लेख अशा क्रमांकांनीच ओळखले जात, आणि कोणता लेख कोणता, हे मलाही उघडल्याशिवाय कळत नसे. लेख प्रसिद्ध करण्यापूर्वीच परमालिंकमध्ये रोमन लिपीतले तीन-चार सोपे शब्द स्वतः भरावेत. प्रसिद्ध झाल्यावर पत्ता बदलला, तर जुने दुवे तुटतात.

वाचक कसे शोधतात, हेही पाहावे. कोणी ‘सातबारा’ लिहितो, कोणी अंकांत ‘७/१२’, कोणी तेच इंग्रजी अंकांत, तर कोणी ‘सात बारा उतारा’ असे तोडून. शीर्षकात एक रूप आणि पहिल्या परिच्छेदात दुसरे सहजपणे आले, तर पुरे. सगळी रूपे एका ओळीत कोंबलेला मजकूर वाचकालाही खुपतो आणि गूगलच्या नियमांतही बसत नाही.

लेख

वारस नोंदीवरचा लेख कसा असावा, ते पाहू. सुरुवातीला ‘मित्रांनो, आज आपण जाणून घेणार आहोत’ छापाची दोनशे शब्दांची प्रस्तावना नको. पहिल्या चार ओळींत उत्तर यावे: खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे कळवावे, अर्ज ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइनही करता येतो, नोटीस निघाल्यानंतर हरकतीसाठी १५ दिवस असतात, आणि नोंद मंडळ अधिकारी प्रमाणित करतात. त्यानंतर कागदपत्रे, अर्जातला प्रत्येक रकाना, आणि मग जिथे लोक प्रत्यक्षात अडकतात त्या जागा: मृत्यूच्या दाखल्यावरचे नाव आणि सातबाऱ्यावरचे नाव यांत फरक असणे, विवाहित बहिणींची नावे वगळण्याचा आग्रह, एक वारस परदेशात असणे. हा शेवटचा भाग म्हणजेच आपला लेख. आधीचा भाग सरकारी पानावरही असतो. नियम बदलतात, म्हणून लेखाच्या वर ‘माहिती शेवटची तपासल्याची तारीख’ द्यावी आणि सहा महिन्यांनी ती खरोखर तपासावी. पडद्याची छायाचित्रे स्वतः काढावीत आणि त्यांतली खातेदारांची नावे, गट क्रमांक पुसून टाकावेत. दुसऱ्याच्या सातबाऱ्याचे प्रदर्शन मांडण्याचा अधिकार आपल्याला नाही.

वृत्तपत्रातला मजकूर, गूगलवर सापडलेली छायाचित्रे, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे लेख उचलू नयेत. भारतीय कायद्याप्रमाणे साहित्यकृतीवरील लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो, तेव्हा ‘खाली नाव दिले आहे’ ही सबब चालत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून दिवसाला वीस लेख लिहून घेण्याचा मोहही टाळावा. गूगलने मार्च २०२४ मध्ये, केवळ शोधात वर येण्यासाठी घाऊक प्रमाणात तयार केलेल्या मजकुराविरुद्ध धोरण कडक केले, मग तो मजकूर यंत्राने लिहिलेला असो वा माणसाने.

लेख प्रसिद्ध होऊ लागले, की गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये ब्लॉगची नोंदणी करून साइटमॅप, म्हणजे ब्लॉगवरील पानांची यादी, द्यावा. ते मोफत आहे, आणि लोक कोणते शब्द टाइप करून आपल्यापर्यंत पोहोचले हे तिथे दिसते. पुढचा लेख कोणता लिहावा, याचे उत्तर बहुधा त्याच यादीत असते. पहिले तीन-चार महिने आलेख जमिनीला चिकटलेला राहील. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत दुवा टाकला, की एक दिवस उंच सुळका दिसतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शुकशुकाट होतो. शोधातून येणारा वाचक मात्र तीन वर्षांपूर्वीच्या लेखावरही येत राहतो.

अ‍ॅडसेन्सकडे अर्ज

किती लेख झाल्यावर अर्ज करावा, याबद्दल गूगलने कोणताही आकडा ठरवलेला नाही. मी स्वतः पंचवीस-तीस पूर्ण लेख आणि शोधातून येऊ लागलेले थोडे वाचक, इतके झाल्याशिवाय अर्ज करू नये असे सांगतो, कारण त्याआधी मंजुरी मिळाली, तरी कमाईचा आकडा दिवसाला दोन-चार पैशांचा दिसतो आणि त्याने लिहिण्याची उमेद खचते. अ‍ॅडसेन्सने हिंदीला २०१४ मध्ये स्थान दिले, मराठीला त्यानंतर काही वर्षांनी. आता मराठी ब्लॉगला इंग्रजीचा आधार घ्यावा लागत नाही.

अर्जापूर्वी तीन पाने तयार हवीत: लेखक कोण आहे हे सांगणारे, संपर्काचे, आणि गोपनीयता धोरणाचे. या तिसऱ्या पानावर, गूगल व इतर जाहिरात सेवा कुकीज (वाचकाच्या ब्राउझरमध्ये ठेवल्या जाणाऱ्या छोट्या नोंदी) वापरतात आणि वाचकाला त्या नाकारता येतात, हे स्पष्ट लिहिणे बंधनकारक आहे. लंडन, म्युनिक, डब्लिन येथे राहणारे मराठी वाचक येणार असतील, तर १६ जानेवारी २०२४ पासून युरोपातील वाचकांना गूगलने प्रमाणित केलेल्या साधनातूनच संमती विचारावी लागते. अ‍ॅडसेन्सच्या ‘गोपनीयता आणि संदेश’ या विभागात हे साधन मोफत आहे, दुसरीकडे पैसे मोजू नयेत.

अर्जदाराचे वय १८ पूर्ण असावे लागते आणि एका व्यक्तीला एकच खाते मिळते. महाविद्यालयीन मुलाने आईच्या नावाने अर्ज केला, तर खातेही आईचे आणि पैसेही तिच्याच बँकेत, हे लक्षात घ्यावे. नाव बँकेच्या पासबुकात असेल तसेच, अक्षर न अक्षर जुळवून लिहावे. तपासणीला काही दिवस लागतात, कधी दोन ते चार आठवडेही लागतात. ‘कमी मोलाचा मजकूर’ असे कारण देऊन नकार आला, तर दुसऱ्याच दिवशी पुन्हा अर्ज करण्यात अर्थ नाही. तोकडे लेख काढून टाकावेत किंवा पूर्ण करावेत, रिकामे विभाग बंद करावेत, आणि महिनाभराने पुन्हा प्रयत्न करावा. स्वतःच्या डोमेनवर असाल, तर अ‍ॅड्स-डॉट-टीएक्सटी ही, आपल्या जागेवर जाहिरात विकण्याची परवानगी कोणाला आहे हे सांगणारी, एका ओळीची नोंद भरायची असते. ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये त्यासाठी रकाना आहे.

खात्यात १० डॉलर जमा झाले, की गूगल पत्त्याच्या पडताळणीसाठी टपालाने पिन पाठवते. हे साधे पत्र असते, बहुधा दोन ते चार आठवड्यांत येते, आणि चार महिन्यांत पिन भरला नाही, तर जाहिराती थांबतात. शहरात अडचण येत नाही. खेड्यात मात्र ‘मु. पो., ता., जि.’ ही आपली पद्धत अर्जाच्या रकान्यांत बसवताना तारांबळ उडते. पहिल्या ओळीत घराचे नाव किंवा वस्ती, दुसरीत गाव व तालुका, शहराच्या रकान्यात जिल्हा, आणि टपाल कार्यालयाचा पिनकोड अचूक भरावा. पोस्टमनला आधी सांगून ठेवावे. असे इंग्रजी पत्र जाहिरातपत्रक समजून बाजूला ठेवले जाण्याची शक्यता असते. नाहीच मिळाले, तर नवा पिन मागवता येतो.

जाहिराती लावताना

‘ऑटो अ‍ॅड्स’ चालू केले, की गूगल स्वतः जागा निवडते. नवख्याने तेच करावे, पण जाहिरातींचे प्रमाण दर्शवणारी पट्टी मध्यावर किंवा त्याखाली ठेवावी आणि आपलाच लेख साध्या मोबाइलवर वाचून पाहावा. दर दोन ओळींनंतर जाहिरात आली, तर वाचक उत्तर न वाचताच निघून जातो. डाउनलोडच्या बटणाला खेटून जाहिरात नसावी. जाहिरातीच्या वर ‘जाहिरात’ किंवा ‘प्रायोजित दुवे’ एवढेच लिहिता येते. ‘उपयुक्त माहिती’, ‘येथे पाहा’ असे मथळे दिले, तर तो नियमभंग ठरतो. अ‍ॅडसेन्समध्ये ठरावीक प्रकारच्या जाहिराती रोखता येतात. जमिनीच्या प्रश्नाने आधीच गांजलेल्या वाचकाला झटपट श्रीमंतीच्या किंवा गूढविद्येच्या जाहिराती दाखवून मिळणारे चार पैसे मी सोडून देईन.

एक गोष्ट निक्षून सांगतो. स्वतःच्या जाहिरातीवर क्लिक करू नये, आणि दुसऱ्या कोणालाही करायला सांगू नये. आपल्याकडे ब्लॉगला मंजुरी मिळाल्याची बातमी कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात जाते, काका-मावश्या कौतुकाने दुवा उघडतात आणि ‘पोराला मदत’ म्हणून प्रत्येक जाहिरातीवर बोट ठेवतात. गूगलच्या दृष्टीने हे अवैध क्लिक आहेत. त्यांचे पैसे कापले जातात, प्रकार वाढला तर खाते बंद होते, आणि एका व्यक्तीला एकच खाते असल्यामुळे ते परत मिळवणे फार अवघड असते. घरच्यांना मंजुरीबद्दल सांगायचेच असेल, तर जाहिरातींना हात लावू नका, हेही त्याच दमात सांगावे.

पैसे आणि कर

१०० डॉलरची मर्यादा ओलांडली, की पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान रक्कम वायर ट्रान्सफरने पाठवली जाते. त्यासाठी बँकेचा स्विफ्ट कोड, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यवहारांतला तिचा ओळख-संकेत, लागतो. पतसंस्था किंवा लहान सहकारी बँकेकडे बहुधा तो नसतो, म्हणून परकीय चलन स्वीकारणाऱ्या राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या खासगी बँकेत खाते असावे. आपल्या शाखेला कोड नसेल, तर त्याच बँकेच्या कोणत्या शाखेचा वापरायचा, हे शाखेतूनच लेखी घ्यावे. पहिल्या वेळी बँक ‘हे पैसे कशाचे?’ असे विचारते आणि उद्देश-संकेत मागते. जाहिरातसेवेसाठीचा संकेत पी १००७ हा आहे. रुपयांत बदलताना बँक आपला दर आणि शुल्क लावते, ते आधी विचारून घ्यावे, आणि परकीय रक्कम आल्याचा दाखला दरवेळी मागून फाइलला लावावा.

हे उत्पन्न करपात्र आहे, आणि ते साधारणपणे व्यवसायाचे उत्पन्न म्हणून विवरणपत्रात दाखवावे लागते. डोमेन, होस्टिंग, इंटरनेट यांचा खर्च त्यातून वजा करता येतो, त्यामुळे पावत्या जपाव्यात. वर्षाचा देय कर, कापला गेलेला कर वजा जाता, १०,००० रुपयांच्या वर जाणार असेल, तर आगाऊ कर भरावा लागतो. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा महाराष्ट्रात आणि गोव्यात वर्षाला २० लाख रुपये उलाढालीची आहे; तिच्या आसपास पोहोचण्याआधीच सनदी लेखापालाकडे जावे.

थेट जाहिराती

ब्लॉगला विषयाची ओळख मिळाली, की गूगलला मध्ये न घेता जाहिरात देणारेही भेटतात: जमिनीच्या ब्लॉगसाठी खासगी मोजणीदार, दस्तलेखक, रोपवाटिका. तालुक्याच्या गावातला व्यावसायिक हजार पाहण्यांचा हिशेब मांडत बसत नाही. त्याला आपल्या भागातले वाचक किती, एवढेच कळायला हवे असते, आणि ते आपल्याला गूगल अ‍ॅनालिटिक्समधून दाखवता येते. महिन्याचा ठरावीक दर, आगाऊ रक्कम, जाहिरात कोणत्या तारखेपर्यंत राहील आणि मजकुराची जबाबदारी कोणाची, हे साध्या ईमेलवर लिहून घ्यावे आणि बिल द्यावे. कोणाचे पैसे घेऊन लेख लिहिला असेल, तर तो प्रायोजित असल्याचे लेखाच्या सुरुवातीलाच, मराठीत आणि ठळक लिहावे. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांचीही हीच अपेक्षा आहे. अशा लेखातून जाहिरातदाराच्या संकेतस्थळाला दिलेल्या दुव्यावर ‘स्पॉन्सर्ड’ ही खूण कोडमध्ये लावावी, नाहीतर गूगल त्याला विकलेला दुवा मानते आणि महिन्याच्या दोन-तीन हजारांसाठी, वर्षभर खपून मिळवलेले शोधातले स्थान धोक्यात येते.